एका प्लाय-शीटमध्ये मुलाच्या खोलीचं फर्निचर : बडोद्यात पहिल्यांदा हातात ड्रिल घेणाऱ्यांसाठी

१८ मिलिमीटर जाडीच्या एका प्लाय-शीटमधून (८ × ४ फूट) आणि दीड घनफूट पाइनच्या लाकडातून मुलाच्या खोलीतल्या चार वस्तू निघतात: एक पलंग, पुस्तकांची एक मांडणी, भिंतीवरच्या खुंट्यांची फळी आणि उरल्या तुकड्याचा एक पाट. खाली दिलेली मापं याच हिशेबाची आहेत. सुतारकामाचा अनुभव लागत नाही, कारण कापायचं काम जवळजवळ सगळं दुकानातल्या मशीनवर होतं. घरी राहतं ते घासणं, रंगवणं, भोकं पाडणं आणि बोल्ट आवळणं. दोन माणसं असतील तर दोन रविवार पुरतात. मधला आठवडा रंग वाळण्यात जातो.

हा पलंग पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी आहे. एकावर एक पलंगाचा नाद पहिल्या प्रयत्नात करू नका. वरच्या मजल्याचं ओझं आणि कठडा हे वेगळं शास्त्र आहे.

१. गादी आधी, पलंग नंतर

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पलंग आधी तयार होतो, मग गादी आणायला जातात आणि ती एकतर दोन इंच मोठी निघते किंवा पलंगाच्या कडेला हात जाईल एवढी फट राहते. लहान मुलाचा पाय अशाच फटीत अडकतो.

बाजारात एकेरी गादी ३६ इंच रुंद आणि ७२, ७५ किंवा ७८ इंच लांब मिळते. पिंजाऱ्याकडून कापसाची करून घेतली तर कुठलंही माप जमतं, पण तरी ७२ × ३६ च सांगा, म्हणजे पुढेमागे ती बदलताना अडचण नको. गादी घरी आली की टेपने स्वतः मोजा. लेबलवरचं माप आणि खरं माप यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. जाडी चार ते पाच इंच पुरे.

या लेखातला पलंग ७२ × ३६ च्या गादीचा आहे. आतली जागा ७३ × ३७, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा इंच, चादर खोचायला बोटं जातील इतकीच. गादी ७५ ची असेल तर फक्त लांब बाजू, त्यांच्या आधारपट्ट्या (गादीखालच्या पट्ट्या ज्यांवर टेकतात त्या) आणि मधला दांडा तीन-तीन इंचांनी वाढवा. ७८ ची असेल तर सहा. आडव्या बाजू तशाच राहतात आणि शीटही तीच पुरते. गादीखालच्या पट्ट्यांमध्ये मात्र एकीची भर घाला.

२. लातीत काय मागायचं

बडोद्यात लाकडाच्या वखारीला लातीच म्हणतात. प्लाय वेगळ्या दुकानात मिळतं आणि लाकूड लातीत. पाइन गुजरातमध्ये मुख्यतः कांडला-गांधीधामकडून येतं, त्यामुळे ते सहज मिळतं आणि सागाच्या मानाने बरंच स्वस्त पडतं.

प्लायच्या तीन प्रती लक्षात ठेवा. दुकानदार ज्याला 'कमर्शियल' म्हणतो ते एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारं, पाणी नव्हे. त्याच्या वरचं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं. ही दोन्ही आयएस ३०३ या मानकात येतात. तिसरं बीडब्ल्यूपी, पाण्याला त्याहून पक्कं, बोलीत 'मरीन', त्याचं मानक आयएस ७१०. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत कमर्शियल चालतं. घर तळमजल्यावर असेल, त्यातही विश्वामित्री नदीच्या आसपास, तर बीडब्ल्यूआरच्या खाली उतरू नका. २०१९ आणि २०२४ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना हे सांगायला नको. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) तळमजल्यावर आणूच नका. पाणी लागलं की ते भाकरीसारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही.

शीट निवडताना तीन गोष्टी करा. कड निरखून पाहा: थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या तर आत पोकळी आहे आणि स्क्रू नेमका तिथेच गेला तर धरणार नाही. मग बोटाच्या पेराने पृष्ठभागावर टकटक करत जा. आवाज एका जागी पोकळ आला तर दुसरी शीट काढायला सांगा. शेवटी शीट कडेवर उभी करून लांबीच्या बाजूने एक डोळा मिटून बघा, वाकलेली असेल तर लगेच कळतं. शीटवर आयएसआयचा शिक्का हवा. मुलांच्या खोलीसाठी ई-१ किंवा ई-० लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या. प्लायच्या डिंकातून जो फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो त्याची ती मोजणी आहे, आकडा लहान तितकं चांगलं.

भाव चौरस फुटावर सांगतात. एका शीटचे ३२ चौरस फूट, म्हणजे ८० चा भाव असेल तर शीट २,५६० ला पडली. जीएसटी त्यात धरलाय की वेगळा, हे कापायच्या आधी विचारा. कापलेली शीट कोणी परत घेत नाही. पक्कं बिल घ्या आणि प्लायची प्रत बिलावर लिहून घ्या.

लाकूड घनफुटाने मिळतं. हिशेब सोपा आहे: रुंदी इंचात × जाडी इंचात × लांबी फुटात, भागिले १४४. तीन बाय दीडचा साडेसहा फुटी दांडा म्हणजे ३ × १.५ × ६.५ ÷ १४४ = ०.२ घनफूट. हे गणित मोबाइलवर त्याच्यासमोर करा.

पाइनमध्ये गाठी असतातच. छोटी, घट्ट बसलेली गाठ चालते. अंगठ्याएवढी गाठ पट्टीच्या मधोमध असेल तर ती पट्टी नको, मूल उडी मारेल तेव्हा तिथूनच मोडेल. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला तर तो भुंगा आहे, ते लाकूड हातात धरू नका. वाळवीचा विषय काढायचा असेल तर दुकानात 'उधई' म्हणा, लगेच समजतं.

मकरपुरा जीआयडीसीतून (औद्योगिक वसाहतीतून) सुटणारे पॅकिंगचे पॅलेट पट्ट्यांसाठी स्वस्त पडतात, पण त्यांच्यावरचा जळका शिक्का वाचल्याशिवाय घेऊ नका. 'एचटी' असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, आणि शिक्काच नसेल तर त्यावर काय सांडलं होतं ते कोणीच सांगू शकत नाही. मुलाच्या बिछान्याखाली फक्त एचटी.

३. सामानाची यादी

पाइन (मापं रंधा मारल्यानंतरची मागा, नाहीतर तीनाची पट्टी घरी येईपर्यंत पावणेतीन होते):
- पायांसाठी २½ × २½ इंच, ५ फूट
- आधारपट्ट्यांसाठी १½ × १½ इंच, ६ फुटी दोन
- मधल्या दांड्यासाठी ३ × १½ इंच, ६½ फुटी एक
- वरच्या पट्ट्यांसाठी ३ × ¾ इंच, ६½ फुटी सात

लोखंडी सामान:
- ८ मिमी जाड, १०० मिमी लांब, गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट १६. तेवढेच नट, वॉशर आणि नटावर बसणाऱ्या प्लास्टिकच्या टोप्या
- ८ नंबरचे लाकडाचे स्क्रू: ५० मिमीचे ५०, ४० मिमीचे ३०, ३० मिमीचे १५
- २ इंची एल क्लॅम्प ६ आणि त्यांना १६ मिमीचे स्क्रू
- ७५ मिमीचे स्क्रू ४, सोबत ८ मिमीचे प्लॅस्टिक प्लग
- गोल मुठीच्या खुंट्या ५

बाकी: पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद (फेविकॉल मरीन किंवा तसा) अर्धा किलो, पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबरचा, लांबी (पुट्टी), प्रायमर, रंग, रबरी बूट पाच.

हत्यारं: ड्रिल, ३ आणि ८ मिमीची लाकडाची बिटं (८ ची सहा इंच लांब हवी, साधी पुरत नाही), भिंतीसाठी ८ मिमीचं बीट, १३ नंबरचा पाना, टेप, गुण्या (काटकोन तपासायला), हातकरवत, हातोडी आणि दोन शिकंजे (फळ्या आवळून धरायला). ड्रिल विकत घेण्याआधी सोसायटीत विचारा. दर दहा घरांत एक ड्रिल वर्षभर माळ्यावर पडून असतं.

एक इशारा. हार्डवेअरवाला काळे, टोकदार जिप्समचे स्क्रू पुढे करेल. स्वस्त असतात आणि ड्रिलने सरसर जातात, पण ते ठिसूळ. पलंग हलला की डोकं तुटून हातात येतं. ते फॉल्स सीलिंगसाठी आहेत. इथे पिवळट झिंकचे किंवा स्टीलचेच घ्या.

४. कापाकापी दुकानातच

कागदावर शीट काढून न्या आणि कापणाऱ्याच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. इथली भाषा इंच आणि सूत अशी आहे. आठ सूत म्हणजे एक इंच. पातं दर वेळी साधारण एक सूत लाकूड खातं. नवशिके हेच विसरतात आणि शेवटची फळी तोकडी पडते.

आधी शीट लांबीच्या दिशेने फाडायची. क्रम असाच ठेवा:
- ७ इंची पट्ट्या तीन
- १० इंची पट्ट्या दोन
- उरलेली एक, सुमारे ६ इंची

बेरीज ४७ इंच, वर पात्याचं पाऊण-एक इंच, म्हणजे ४८ मध्ये जेमतेम बसतं. कमी पडलं तर ते शेवटच्या पट्टीतच पडू द्या. ती पावणेसहा भरली तरी काही बिघडत नाही.

मग आडवे काप:
- पहिल्या दोन ७ इंची पट्ट्यांतून प्रत्येकी ७४½ इंच: पलंगाच्या लांब बाजू
- तिसऱ्या ७ इंची पट्टीतून ३७ इंचाचे दोन: आडव्या बाजू
- पहिल्या १० इंची पट्टीतून ३६ इंचाचे दोन: मांडणीच्या उभ्या बाजू (उरलेला पावणेचोवीस इंचाचा तुकडा पाटाला)
- दुसऱ्या १० इंची पट्टीतून ३० इंचाचे तीन: मांडणीचे कप्पे
- ६ इंची पट्टीतून ३० इंचाचे तीन: दोन मांडणीच्या पाठीला, एक खुंट्यांना

लांब बाजू दोन्ही एकाच वेळी, एकावर एक ठेवून कापून घ्या. त्या दोघी ७४¼ भरल्या तरी चालेल, पण एक ७४¼ आणि दुसरी ७४½ झाली तर पलंग कधीच काटकोनात येणार नाही.

लातीत पायाचे १२ इंचाचे चार आणि ९ इंचाचा एक तुकडा करून घ्या. सातही पट्ट्या ३६¾ इंचाला कापा: चौदा निघतील, तेरा पलंगाला. चौदावी उभी चिरून दोन करा आणि प्रत्येकीचे ९ इंची चार तुकडे पाडा. हे आठ लहान तुकडे जपून ठेवा, सहा मांडणीला लागतात, दोन पाटाला. आधारपट्ट्या आणि मधला दांडा मात्र कापून आणू नका, ते घरी मापून कापायचे.

अख्खी शीट तीस किलोंच्या वर जाते आणि लिफ्टमध्ये मावत नाही. कापलेली असली की रिक्षातही येते.

पावसाळ्यात आणलेलं पाइन ओलं असतं. पंधरा दिवस घरात, सावलीत, दोन पट्ट्यांमध्ये काड्या ठेवून रचून ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलंत तर धनुष्य होईल.

५. घासणं आणि रंग, जोडण्याआधी

पलंग उभा करून मग रंगवायला घेतला की आतले कोपरे राहतात आणि ओघळ येतात. सगळे भाग सुटे असतानाच रंगवा.

बाहेर दिसणारा प्रत्येक कोपरा गोल करायचा. दहा रुपयांचं नाणं कोपऱ्यात ठेवा, दोन्ही कडांना टेकवा, पेन्सिल फिरवा आणि रेघेबाहेरचं करवतीने उडवून ८० च्या पेपरने घासा. कडांची धार तळहात फिरवून पाहा, पण मुठीतल्या जुन्या सुती कपड्याने पुन्हा एकदा तपासा: कापड जिथे अडकेल तिथे उद्या मुलाच्या पायात काटा जाणार. पेपर एका लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि नेहमी धाग्यांच्या दिशेने ओढा. आडवा ओढला तर रंगाखालून ओरखडे दिसतात.

प्लायच्या कापलेल्या कडा पाणी ओढतात, हे या सामानाचं सगळ्यात मोठं दुखणं. लांबी भरा, वाळू द्या, १२० ने घासा, पुन्हा भरा. मग प्रायमर. कडांना एक हात जास्त द्या.

रंग पाण्यात मिसळणारा एनॅमल घ्या, वास कमी येतो आणि ब्रश नळाखाली धुता येतो. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. म्हणून माळ्यावरचा जुना अर्धा डबा कितीही मोह झाला तरी इथे वापरू नका. दात येण्याच्या वयाची धाकटी भावंडं पलंगाची कड चघळतात. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले, मधे २२० चा पेपर हलकेच.

जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढू नका. हवा दमट असली की रंग चिकट राहतो आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. नवरात्र संपल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. उत्तरायणच्या (संक्रांतीच्या) दोन दिवसांत मात्र गच्चीवर फळ्या वाळत घालाल तर त्यांच्यावरून पतंगवाले पळतील.

वाळवीचं औषध मारायचंच असेल तर पायांच्या खालच्या तीन इंचांना, घराबाहेर, हातमोजे घालून मारा. डब्यावर लिहिलंय तितकं वाळू द्या आणि वरून रंगाचे दोन हात द्या. वरच्या पट्ट्यांना ते लावू नका.

६. पलंगाची जोडणी

चारही प्लायच्या बाजूंवर, आतल्या अंगाने, वरच्या कडेपासून बरोबर दोन इंचांवर पेन्सिलने एक लांब रेघ मारा. सगळा पलंग या रेघेवर उभा आहे. पायांचा माथा, आधारपट्टीचा माथा आणि मधल्या दांड्याचा माथा, तिन्ही या रेघेला टेकतात.

लांब बाजू जमिनीवर पालथी ठेवा. पाय रेघेला लावा, पण अगदी टोकाला नाही. टोकापासून प्लायच्या जाडीइतका आत; प्लायचाच एक तुकडा मधे उभा धरला की माप आपोआप मिळतं. या जागेत नंतर आडवी बाजू येऊन बसते. शिकंज्याने आवळा. पायाच्या माथ्यापासून १ आणि ३ इंचांवर, रुंदीच्या मध्यावर ८ मिमीची भोकं आरपार पाडा. मागे टाकाऊ लाकूड धरा, नाहीतर बीट बाहेर पडताना पायाची ढलपी उडते. ड्रिल सरळ आहे का ते डोळ्याला कळत नाही. शेजारी गुण्या उभा ठेवा आणि दुसऱ्या माणसाला बाजूने बघायला सांगा.

आडव्या बाजूला पाय अगदी टोकाशी, आणि भोकं माथ्यापासून २ आणि ४ इंचांवर. उंची वेगळी ठेवायचं कारण सरळ आहे: दोन्ही बाजूंचे बोल्ट पायाच्या पोटात एकमेकांना काटकोनात जातात, एकाच उंचीवर आले तर आपटतील. भोकं पडली की पाय आणि बाजूंचे जोड १, २, ३, ४ असे आतून लिहून ठेवा. एका कोपऱ्याचा पाय दुसऱ्या कोपऱ्याला कधीच नीट बसत नाही.

बोल्ट बाहेरून आत. गोल डोक्याखाली चौकोनी मान असते, ती हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांनी प्लायमध्ये रुतवा म्हणजे नट आवळताना बोल्ट गरगरणार नाही. आत वॉशर, नट. अजून पूर्ण आवळू नका. इथे गोंद लावायचा नाही. पलंग सुटा करता आला पाहिजे: घर बदलताना, दारातून नेताना, किंवा पाण्याचा इशारा आला की वरच्या मजल्यावर चढवताना.

आता कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, बाहेरून. दोन्ही पावणेचौऱ्याऐंशी इंचांच्या आसपास यायला हवेत. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, दोन्ही सारखे हवेत. एक सुताचा फरक चालेल. जास्त असेल तर लांब कर्णाचे दोन कोपरे दोघांनी आतल्या बाजूला दाबा, पुन्हा मोजा, मग सगळे नट आवळा. प्लायमध्ये वॉशर रुतायला लागला की थांबा.

आधारपट्ट्या दोन पायांमधल्या जागेत बसतात. ती जागा ६८ इंचांच्या आसपास भरेल. प्रत्यक्ष मोजून पाव इंच कमी कापा. मागे गोंद लावा, माथा रेघेवर धरा आणि दर आठ इंचांवर ३ मिमीचं भोक पाडून ५० मिमीचा स्क्रू आतून मारा. डोकं लाकडाच्या बरोबरीला आलं की पुरे. आणखी खोल गेलात तर टोक प्लायच्या बाहेर डोकावेल.

मधला दांडा कडेवर उभा, म्हणजे तीन इंचांची बाजू खाली-वर. दोन्ही टोकांना दोन-दोन एल क्लॅम्प, आणि मध्यावर खाली ९ इंची पाय बाकीच्या दोन क्लॅम्पने. क्लॅम्पना १६ मिमीचेच स्क्रू. पाचही पायांना खाली रबरी बूट ठोका, फरशी पुसताना लाकूड ओल पिणार नाही. पलंगाखाली सात इंच मोकळे राहतात, झाडू आडवा जातो.

तेरा पट्ट्या मांडून बघा, मधे पावणेतीन इंचांचं अंतर येईल. मोजत बसण्यापेक्षा तेवढाच एक ठोकळा कापून मधे ठेवत जा. पहिली आणि शेवटची पट्टी पायांच्या माथ्यावर टेकते. प्रत्येक पट्टीला दोन्ही टोकांना एक-एक ४० मिमीचा स्क्रू, मधल्या दांड्यावर स्क्रू नको, तिथे पट्टीला थोडी लवचीक राहू द्या. पट्ट्यांऐवजी अख्खं प्लाय टाकायचा सल्ला बरेच देतात. लवकर होतं हे खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात गादीला खालून हवा लागली नाही तर कापसाला बुरशीचा वास येतो.

७. मांडणी, आणि ती भिंतीला बांधणं

उभ्या बाजूंवर कप्प्यांच्या रेघा मारा: सगळ्यात खालचा जमिनीपासून चार इंचांवर, वरचा माथ्याला लागून, मधला असा की खालचा कप्पा साडेपंधरा इंच आणि वरचा सव्वाचौदाच्या आसपास राहील. खाली चित्रांची मोठी पुस्तकं आणि खेळण्यांची टोपली, वर वह्या.

प्रत्येक कप्प्याखाली दोन्ही बाजूंना ९ इंची लहान पट्टी गोंद आणि ३० मिमीच्या दोन स्क्रूंनी लावा, पुढच्या कडेपासून. मागे इंचभर जागा सुटेल, ती पाठीच्या फळीसाठी. कप्पे पट्ट्यांवर गोंदाने बसवा आणि बाहेरून प्रत्येक टोकाला ५० मिमीचे दोन स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू मारताना आधी ३ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर थर फाटतात. पाठीची एक फळी वरच्या कप्प्याखाली, दुसरी खालच्या कप्प्यावर. त्या नसतील तर मांडणी एका बाजूला झुकत जाते, पत्त्यांच्या बंगल्यासारखी. कप्प्याची लांबी ३० च्या पुढे वाढवू नका. छत्तीस इंचांवर पुस्तकांच्या वजनाने १८ मिमीचं प्लायही पोट सोडतं.

भिंतीला बांधणं हा भाग ऐच्छिक नाही. मूल वरची वस्तू काढायला खालच्या कप्प्यावर पाय देणारच, आणि मोकळी मांडणी त्याच्यासकट पुढे येईल. वरच्या पाठीच्या फळीतून, दोन्ही टोकांपासून सहा इंचांवर, ७५ मिमीचे दोन स्क्रू भिंतीतल्या प्लगमध्ये. नव्या फ्लॅटमध्ये हे पुरतं. रावपुरा, मांडवीकडच्या जुन्या घरांत चुन्याचा गिलावा बोटभर जाड असतो, प्लग त्यातच राहतो आणि हाताने ओढला तरी निघून येतो. ड्रिलमधून पांढरी भुकटी येतेय तोवर गिलावा, लाल आली की वीट. तिथून पुढे निदान चाळीस मिलिमीटर जायला हवं, त्यासाठी १०० मिमीचा स्क्रू घ्या. जवळ लाकडी खांब असेल तर सरळ त्यातच स्क्रू मारा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

बांधून झालं की वरच्या कडेला धरून स्वतः जोरात ओढून पाहा.

८. खुंट्या आणि पाट

खुंट्यांच्या फळीवर पाच खुंट्या, सहा-सहा इंचांवर. फळी अशा उंचीवर लावा की खुंट्या मुलाच्या डोक्याच्या चार-पाच इंच वर येतील: हात पोचतो, पण पळताना डोळ्यात जात नाहीत. वर्षभराने फळी वर सरकवावी लागेल. टोकदार हूक इथे नको, दप्तराच्या पट्ट्याला गोल मूठ पुरते.

पाटासाठी दहा इंची तुकड्याला खालून दोन लहान पट्ट्या कडेवर उभ्या लावा, टोकांपासून चार-चार इंच आत, गोंद आणि खालून ५० मिमीचे दोन-दोन स्क्रू. ज्याला पहिल्यांदा ड्रिल धरायचं आहे त्याने पलंगाआधी हा पाटच करून हात बसवून घ्यावा.

९. झोपवण्याआधी आणि नंतर

रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, खिडक्या उघड्या ठेवून फर्निचर तसंच राहू द्या. मग गादी घालून मोठ्या माणसाने मधोमध बसून हलून पाहावं. करकर आली तर बहुतेक वेळा पट्टी आधारपट्टीवर घासत असते. स्क्रू आवळा किंवा मधे कापडाची पट्टी घाला. डुगडुगला तर दोष पलंगात नसतो, फरशीच्या उताराचा असतो. एका बुटाखाली रबराचा आणखी एक थर पुरतो.

पहिल्या महिन्यानंतर सगळे नट एकदा आवळा, प्लास्टिकच्या टोप्या त्यानंतरच लावा. पावसाळ्यात फुगलेलं पाइन थंडीत आकसतं आणि बोल्ट ढिले होतात, म्हणून दर वर्षी दिवाळीच्या सफाईला पलंग ओढाल तेव्हा १३ नंबरचा पाना हाताशी ठेवा. तेव्हाच पायांच्या तळाशी वाळवीची, म्हणजे मातीची बारीक नळी चढलेली दिसतेय का, तेही बघून घ्या.